निशाणी अंगठ्याची, साक्ष गावाची

परक्याच्या नावाने उभे राहावयाचे, परक्याची सही करावयाची आणि परक्याच्या कष्टाचा पैसा उचलावयाचा, हा अपराध फार जुना आहे. अशा माणसाला मराठीत ‘तोतया’ असा नेमका शब्द आहे. न्यायालयात मात्र या एका कृत्याचे दोन अपराध होतात. दुसऱ्याचे सोंग घेतले ही तोतयेगिरी, आणि त्याच्या नावाने कागद केला हे बनावटीकरण. कारखान्यातील कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी, रस्त्याच्या कामावरील मजुराचा आठवड्याचा पगार, निवृत्ताचे वेतन, अपघातात दगावलेल्या माणसाच्या विधवेची भरपाई, अशा रकमा परस्पर उचलल्याचे खटले आपल्या न्यायालयांत वर्षानुवर्षे चालत आले आहेत. खाली शिक्षा होते, आरोपी अपिलात जातो आणि वरचे न्यायालय पुन्हा मूळ प्रश्नाकडे वळते : पैसे घेणारा माणूस तोच होता की नव्हता, हे कशावरून ठरवावयाचे? आणि ते सांगावयाचे कोणी?

गेल्या अडीचशे वर्षांत आपल्या देशाने या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली. त्यांचा मागोवा घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. राज्य शासनाच्या सेवेत असताना हजेरीपटांवरील अंगठ्यांच्या जांभळ्या रांगा आम्ही पुष्कळ पाहिल्या. आता निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून दरवर्षी हयातीचा दाखला आम्हांसही द्यावा लागतो. तेव्हा विषय आम्हांस परका नाही, आणि या पत्रिकेच्या बहुतेक वाचकांसही तो परका नसावा.

आरंभ घरापासूनच करू. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या मराठी घरांत पूर्वजांबरोबर आलेले मोडी कागदांचे रुमाल अजून कोठे कोठे जपून ठेवलेले आढळतात. अशा रुमालात एखादा महजर असला, तर तो जाणकाराकडून वाचून घ्यावा. वतनाचा तंटा, त्याचा निवाडा आणि ‘हाजीर मजालस’ म्हणून बसलेल्या माणसांची नावे त्यात सापडतात. लिहिता येणाऱ्याने स्वहस्ते नाव लिहिलेले असते. ज्याला लिहिता येत नसे, त्याची निशाणी असे. पाटलाच्या नावाशेजारी ‘निशाणी नांगर’ आणि नांगराचे छोटेसे चित्र, बलुतेदारांच्या नावांशेजारी ज्याच्या त्याच्या धंद्यातले हत्यार. आता नांगराचे चित्र काय, कोणीही काढू शकतो. त्या चित्रात तो माणूस ओळखू येईल असे काहीच नाही. मग त्याला किंमत कशाने येत असे? ते चित्र चारचौघांसमोर काढले गेले, यानेच. पांढरीतली माणसे भोवती बसलेली असत आणि पाटील कोण, सुतार कोण, हे त्यांना जन्मापासून ठाऊक असे. निशाणी ही त्या प्रसंगाची खूण होती. माणसाची ओळख त्या चित्रात नव्हती, ती मंडळींच्या डोळ्यांत होती.

या पद्धतीची मर्यादा कोणती, हे पानिपतानंतर दिसले. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ रणात नाहीसे झाले आणि काही वर्षांतच त्यांचे नाव सांगणारा एक माणूस पुढे आला. त्याला धरून कैदेत ठेवले, तरी १७७६ मध्ये रत्नागिरीकडे तो मोकळा झाला आणि बघता बघता कोकणातील बराच मुलूख त्याने व्यापला. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकामुळे ही हकीकत मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. अखेर तो पकडला गेला, भाऊंना ओळखणाऱ्या माणसांसमोर पुण्यात चौकशी झाली, तो सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण असल्याचे ठरले आणि त्याच वर्षी त्यास देहान्त शासन झाले. आमच्या दृष्टीने या प्रकरणातील महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. जेथे भाऊंना जवळून पाहिलेली माणसे नव्हती, तेथे तोतया चालला. जेथे ती होती, तेथे तो टिकला नाही. ओळखणारी माणसे जवळ असेपर्यंत ही पद्धत भक्कम, आणि माणूस आपल्या गावापासून दूर गेला की ती लंगडी. पुढच्या शतकात तर लक्षावधी माणसे आपल्या गावापासून दूर जाणार होती.

याच सुमारास कलकत्त्यात बनावट कागदाचा एक खटला गाजत होता. महाराजा नंदकुमार यांच्यावर खोटे कर्जरोखे वापरल्याचा आरोप ठेवून १७७५ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयात सर एलायजा इंपे यांच्यासमोर तो चालला. इंग्लंडच्या कायद्यात बनावटीकरणास मृत्युदंड होता. तोच कायदा येथे लावण्यात आला. इंग्लंडच्या राजाकडे अपील करण्याची परवानगी नाकारण्यात आली आणि ५ ऑगस्ट १७७५ रोजी नंदकुमारांना फाशी देण्यात आले. वॉरन हेस्टिंग्जवर त्यांनी लाचखाऊपणाचे आरोप केले होते, म्हणून या फाशीमागे न्याय किती आणि सूड किती, हा वाद पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत गेला. कागद खोटा असणे हा गंभीर अपराध खरा, परंतु खोटा ठरविणाऱ्यावरही कोणीतरी पाहणारा असावा लागतो. फौजदारी अपील कशासाठी असते, हे समजावून सांगण्यास याहून बोलके उदाहरण आमच्या माहितीत नाही.

मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये दंड संहितेचा मसुदा सादर केला. पुढे १८६० चा कायदा होऊन १ जानेवारी १८६२ पासून तो अमलात आला. त्यात बनावटीकरणाचा मृत्युदंड उरला नाही. परंतु मजुराच्या दृष्टीने त्यातील तीन गोष्टी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. तोतयेगिरीच्या ४१६ व्या कलमाखाली जी उदाहरणे दिली आहेत, त्यांतले एक मृत माणसाचे सोंग घेणाऱ्याचे आहे. म्हणजे मेलेल्याच्या नावाने पैसा उचलणारा माणूस संहिता रचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होताच. दुसरे, ४६७ व्या कलमात मूल्यवान रोखे आणि मृत्युपत्र यांच्या पंक्तीला पैसे मिळाल्याची पावतीही बसविली आहे. बारा रुपये मजुरी पोचल्याची खोटी पावती करणाराही जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेस पात्र ठरू शकतो. तिसरे, ४६४ व्या कलमाप्रमाणे कागदात काय लिहिले आहे हे फसवणुकीमुळे ज्याला कळलेले नाही, अशा माणसाची त्यावर सही घेणे, हेही खोटा दस्तऐवज करणेच होय. अंगठा खरा असला तरी कागद खोटा असू शकतो, हे कायद्याने दीडशे वर्षांपूर्वीच मान्य केले होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने ही कलमे नव्या क्रमांकांनी घेतली आणि तोतयेगिरीची कमाल शिक्षा तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. गाभा मात्र तोच राहिला.

कायदा असा तयार होत असतानाच बंगालमध्ये एक छोटी घटना घडली. जंगीपूर येथील तरुण अधिकारी विल्यम हर्शेल यांनी जुलै १८५८ मध्ये राज्यधर कोनाई नावाच्या माणसाशी रस्त्याच्या खडीकरणासाठी दोन हजार मण माल पुरविण्याचा करार केला. १८५७ च्या उठावानंतर साहेब मंडळींचा एतद्देशीयांवरील विश्वास पार उडालेला होता. कोनाईने करार स्वतःच्या हाताने बंगालीत लिहिला होता, तरी हर्शेलनी कचेरीच्या शिक्क्याची शाई त्याच्या पंजाला लावून कागदावर पंजा उमटवून घेतला. सही माझी नव्हे, असे पुढे म्हणण्याची हिंमत त्याला होऊ नये, हाच आपला हेतू होता, असे त्यांनी म्हातारपणी प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत मोकळेपणाने सांगितले आहे. म्हणजे बोटाच्या ठशाचा आपल्या देशातील हा पहिला सरकारी उपयोग शास्त्रातून निघाला नाही. तो धाकातून आणि अविश्वासातून निघाला.

हर्शेल मात्र तेथेच थांबले नाहीत. वर्षानुवर्षे त्यांनी स्वतःचे आणि इतरांचे ठसे जमविले आणि बोटांवरील रेषा वयाबरोबर बदलत नाहीत, अशी खात्री करून घेतली. १८७७ मध्ये हुगळीचे जिल्हाधिकारी असताना त्यांनी तीन ठिकाणी ठसे घेण्यास आरंभ केला. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांकडून, कारण मेलेल्याच्या नावाने दुसराच वेतन नेई. दस्तनोंदणीच्या कचेरीत, कारण दस्त मी केलाच नाही असे मागाहून सांगितले जाई. आणि तुरुंगात, कारण पैसे देऊन बदली माणूस शिक्षा भोगण्यास पाठविला जाण्याचे भय होते. तिन्ही ठिकाणी रोग एकच, तोतयेगिरीचा. ही पद्धत सर्वत्र लागू करावी असे त्यांनी १५ ऑगस्ट १८७७ च्या पत्राने वरिष्ठांना सुचविले. उत्तर निरुत्साहाचे आले आणि पुढच्या वर्षी ते मायदेशी परतले.

यापुढील इतिहास बहुतांशी पोलिसांचा आहे. टोकियोत काम करणारे डॉ. हेन्री फॉल्ड्स यांनी १८८० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ठशांवरून गुन्हेगार ओळखता येईल असे सुचविले. फ्रान्सिस गाल्टन यांचा ग्रंथ १८९२ मध्ये आला. प्रश्न उरला तो वर्गीकरणाचा. लक्षावधी ठशांतून हवा तो ठसा काढावयाचा कसा? बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालील अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अंमलदारांनी ठशांची १,०२४ कप्प्यांत मांडणी करण्याची पद्धत बसविण्यात मोठा वाटा उचलला. पद्धत जगभर गाजली ती मात्र हेन्रींच्या नावाने. जेथे सहीचा प्रश्न होता, तेथेही सही साहेबांचीच राहिली, असे कोणी म्हटल्यास त्यास दोष देता येणार नाही. १८९७ मध्ये सरकारने या पद्धतीस मान्यता दिली आणि कलकत्त्यास जगातील पहिला अंगुलिमुद्रा विभाग उभा राहिला. जलपाईगुडीच्या एका चहामळ्यातील व्यवस्थापकाचा खून झाला होता. त्याच्या पंचांगावर उमटलेला अंगठ्याचा डाग एका जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. १८९८ मध्ये न्यायालयाने त्यास चोरीबद्दल दोषी धरले, खुनाबद्दल नाही. डाग एवढेच सांगू शकत होता की हात तेथे पोचला होता. त्या हाताने आणखी काय केले, हे सांगणारा डोळ्यांदेखतचा साक्षी नव्हता. १८९९ मध्ये पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ठशांविषयी तज्ज्ञाचे मत ग्राह्य ठरले.

हीच विद्या समुद्रापार गेली तेव्हा तिची दुसरी बाजू दिसली. हेन्री काही काळ दक्षिण आफ्रिकेत पोलीस दलाची घडी बसविण्यास गेले आणि ठसे घेण्याची पद्धत तेथे त्यांच्याबरोबर पोचली. १९०६ मध्ये ट्रान्सवाल सरकारने तेथील हिंदी लोकांनी नोंदणी करून दहाही बोटांचे ठसे द्यावेत, असा वटहुकूम पुढे आणला. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात जी सभा झाली, तीतून सत्याग्रहाचा जन्म झाला, हे सर्वांस ठाऊक आहे. गांधीजींनी हेन्रींचे पुस्तक वाचून त्यावर बोट ठेवले होते, की दहा बोटांचे ठसे कायद्याने सक्तीने घेतले जातात ते गुन्हेगारांचे. १९०८ च्या तडजोडीनंतर मात्र त्यांनी स्वखुशीने ठसे दिले आणि त्यापायी आपल्याच एका माणसाच्या हातचा मार खाल्ला. ठसा तोच, बोट तेच. सक्तीने घेतला तर अपमान आणि आपण होऊन दिला तर सहकार्य, हा फरक त्यांना दिसत होता. कोणास ओळख सिद्ध करावी लागते आणि कोणाच्या शब्दावर भागते, यावरून समाजात कोणाचे स्थान कोठे आहे हे कळते.

आता मजुराकडे वळू. मुंबईच्या गिरण्यांत राबणारा कोकणी माणूस घरी पैसे पाठवी तो मनीऑर्डरने. टपाल खात्याने ही सेवा १८८० मध्ये सुरू केली. पोस्टमन गावी जाऊन म्हातारीचा अंगठा घेई, आणि अंगठ्याशेजारी एका लिहित्या माणसाची साक्षीदार म्हणून सही घेई. आपल्या जुन्या दस्तांतही ‘निशाणी डावे हाताचा अंगठा’ एवढ्यावर वाक्य संपत नाही, त्यापुढे ‘दस्तूर’ म्हणून लिहिणाऱ्याचे नाव येते. अंगठा एकटा सोडू नये, ही महजराची जुनी शहाणीव त्या दोन शब्दांत शिल्लक होती. हजेरीपटावर मात्र ती सुटली. तेथे अंगठ्यांच्या रांगेखाली सही असे ती मुकादमाची आणि पैसे वाटणाऱ्याची, म्हणजे ज्यांच्यावर नजर ठेवावयाची त्यांचीच. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळापासून रोजगार हमीची कामे निघाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्या कामांनी लक्षावधी घरांची चूल पेटती ठेवली, यात शंका नाही. तरीही हजेरीपटावरील बोगस नावांच्या तक्रारी त्या काळापासून ऐकू येत राहिल्या. सर्वच राज्यांत हेच होते. ज्याने कधी घमेले उचलले नाही त्याचे नाव, जो गाव सोडून गेला त्याचे नाव आणि जो देवाघरी गेला त्याचेही नाव.

अशी प्रकरणे न्यायालयात गेली की काय होते? अपील म्हणजे केवळ शिक्षा कमी करून घेण्याचा अर्ज नव्हे. त्यात पुरावा पुन्हा तपासला जातो आणि कायद्यातील शब्दांचा अर्थ लागतो. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका डॉक्टर महिलेचे अपील आले. त्यांनी स्वतःच्या पैशाने मोटार घेतली, परंतु ती आपल्या तान्ह्या मुलीच्या नावावर, आणि विम्याच्या कागदांवर मुलीच्या नावाने सह्या केल्या. उच्च न्यायालयाने त्यांस बनावटीकरणाबद्दल दोषी धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कपटासाठी दोन गोष्टी लागतात, फसवणूक आणि त्यामुळे होणारी इजा. त्या बाईंना गैरफायदा नाही आणि विमा कंपनीचे नुकसान नाही, म्हणून त्या सुटल्या. हाच विचार हजेरीपटास लावून पाहावा. आजारी मजुराच्या सांगण्यावरून त्याच्या भावाने त्याच्या नावाने अंगठा करून मजुरी आणली आणि त्याच्या हातात ठेवली, तर ते नियमाबाहेरचे खरे, पण कपट नव्हे. मुकादमाने तेच केले आणि रक्कम स्वतःच्या खिशात घातली, तर ते बनावटीकरण. दोन्ही अंगठे कागदावर सारखेच दिसतात. पैसा अखेर कोणाच्या घरी गेला, हे कागद सांगत नाही. ते शेजारीपाजारी सांगतात.

सहीच्या पुराव्याविषयी मध्य प्रदेशातून गेलेल्या एका अपिलाचा १९८० साली प्रसिद्ध झालेला निकाल महत्त्वाचा आहे. बोटांच्या ठशांचे शास्त्र जवळजवळ पूर्णत्वास पोचले आहे, हस्ताक्षराचे तसे नाही, म्हणून हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत घेताना अधिक सावध राहावे, असे त्यात म्हटले आहे. ठशाची ही थोरवी मान्य करूनही २०१८ मधील एक निकाल आम्हांस अस्वस्थ करतो. तो मजुरीचा नाही, तमिळनाडूतील एका जमिनीचा आहे. एका महिलेच्या नावाने दुसरीच बाई उभी करून मुखत्यारपत्र करण्यात आले, आणि ज्याच्या नावे ते झाले त्याने त्या आधारे जमीन हलविण्याचा घाट घातला. खालच्या दोन्ही न्यायालयांत शिक्षा झाली. उच्च न्यायालयात आरोपी सुटला आणि सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम ठेवली. कारण खोटा कागद ‘करणारी’ होती ती तोतया बाई, आणि तिला पोलिसांनी कधी शोधूनच काढले नाही. न्यायालयाने तपासातील ढिलाईबद्दल नाराजी नोंदविली, परंतु कायद्याच्या शब्दांपुढे त्यास जाता येत नव्हते. भाड्याने आणलेला अंगठा नाहीसा झाला की त्यामागचा मेंदूही निसटू शकतो, असा याचा व्यावहारिक अर्थ आहे. गरिबाच्या पैशाच्या बाबतीत तर अंगठा भाड्याने मिळण्यास काहीच कठीण जात नाही.

मग उपाय कोणता? तो एका लहान गावात सापडला. राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनावणी भरविली. मोठ्या प्रयासाने मिळविलेले हजेरीपट आणि देयके गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचण्यात आली. नाव पुकारले की लोक सांगत, हा कामावर आलाच नव्हता, हा तर परगावी असतो, हा कधीच वारला. त्या सभेत ठसेतज्ज्ञ कोणी नव्हता, सूक्ष्मदर्शक भिंग नव्हते. होती ती केवळ ओळखणारी माणसे. आमच्या मते हा आपला जुना महजरच होता. फरक एवढाच, की पूर्वी त्यात वतनदार बसत आणि येथे मजूर बसले होते, बायाही बसल्या होत्या. अशा सुनावण्यांतून माहितीच्या अधिकाराची चळवळ वाढली आणि २००५ मध्ये देशाचा कायदा झाला. त्याच वर्षीच्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात सामाजिक लेखापरीक्षणाची तरतूद आली आणि तेव्हाच्या एकत्रित आंध्र प्रदेशात ते काम २००६ पासून पद्धतशीरपणे सुरू झाले.

त्याबरोबरच ठशाचाही नवा अवतार झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. हर्शेलच्या पत्राला १३३ वर्षांनी मिळालेले हे उत्तरच म्हणावयाचे. बोगस नावे यामुळे काही प्रमाणात गळाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्यासाठी ही व्यवस्था उभी केली, त्याच्याच बोटाशी तिचे जमेना. दगड फोडणाऱ्याच्या, चुना कालवणाऱ्याच्या, विडी वळणाऱ्या बाईच्या बोटांवरील रेषा कामाने झिजतात, आणि म्हातारपणी तर सर्वांच्याच पुसट होतात. निवृत्तांसाठी १० नोव्हेंबर २०१४ रोजी अंकीय हयातीचा दाखला सुरू झाला. पुढे २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय त्यात करावी लागली. आणि तोतयाही स्वस्थ बसला नाही. नोंदणीकृत दस्तांवरील अंगठ्यांच्या प्रतिमा मिळवून, त्यांवरून नकली ठसे बनवून, आधारशी जोडलेल्या बँक खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे तेलंगण, हरियाणा यांसारख्या राज्यांत नोंदले गेले. तोतयेगिरी थांबावी म्हणून हर्शेलनी नोंदणीच्या कचेरीत जो अंगठा घेण्यास आरंभ केला, तोच अंगठा आता तोतयाचा कच्चा माल झाला. सही चोरीस गेली तर माणूस नवी सही करू शकतो. बोट बदलता येत नाही.

आमच्या इंदुरात या साऱ्याचा अर्थ निराळ्या वाटेने समजला. हुकुमचंद मिल १९९२ च्या सुमारास बंद पडली. कामगारांची देणी कज्जेदलालीत अडकली, आणि सुमारे ४,८०० कामगारांच्या सुमारे २२४ कोटी रुपयांच्या थकबाकीचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी. तीस वर्षे म्हणजे एक पिढी. एवढ्या काळात कित्येक कामगार दिवंगत झाले होते. ज्या चाळींत माणूस माणसाला नावानिशी ओळखत होता, त्या चाळींतली माणसे पांगली. पैसा इतका उशिरा आला, की तो कोणाचा हे सांगणारा साक्षीदारच उरत नाही, आणि खऱ्या वारसालाही आपण खरे असल्याचे कागदावर दाखवावे लागते. तोतयाला उशिरासारखा दुसरा मित्र नाही. म्हणून कामगाराचे पैसे वेळेवर देणे हाच तोतयेगिरीवरचा पहिला उपाय आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने ठरावीक दिवसाच्या आत वेतन देण्याचे बंधन घातले, त्याचे महत्त्व या बाजूनेही ध्यानी घ्यावे.

आणखी एक गोष्ट सांगून आवरते घेतो. १७ डिसेंबर १९८२ च्या गाजलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, असे स्पष्ट केले. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालातही बहुमताने असे म्हटले, की शासकीय कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन ही त्याने कमावलेली गोष्ट आहे, ती शासनाच्या सवलतींत मोडत नाही. हा विचार आम्हां निवृत्तांपुरता ठेवून चालणार नाही. मजुराची मजुरी ही त्याहूनही अधिक कमावलेली आहे. ती देताना त्याच्याकडे संशयिताच्या नजरेने पाहण्याचे कारण नाही. कोनाईचा पंजा घेतला गेला तो त्याने शब्द फिरवू नये म्हणून. कोनाईचे पैसे त्यास पुरते पोचले की नाही, हे पाहणारा कागद कोणी केला नाही. दीडशे वर्षांत यंत्रे पुष्कळ सुधारली, परंतु त्यांची नजर बहुधा घेणाऱ्याच्या बोटावर राहिली आहे. ती देणाऱ्याच्या हाताकडेही वळावयास हवी.

आपली जुनी घराणी या प्रांतांत आली ती बव्हंशी लेखणीच्या आधाराने. अनेकांचे पूर्वज फडणीस, मुजुमदार, कारकून होते, आणि निरक्षराच्या निशाणीशेजारी ‘दस्तूर’ म्हणून नाव घालण्याचे काम त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. ते नाव घालणे म्हणजे ‘हा माणूस तोच आहे, आणि कागदात काय लिहिले ते त्याला वाचून दाखविले आहे’ अशी ग्वाही देणे होते. ते काम संपलेले नाही. आपल्याकडे भांडी घासणाऱ्या बाईचे बँकेचे पुस्तक, रखवालदाराच्या भविष्यनिर्वाह निधीचा उतारा, गल्लीतल्या विधवेच्या निवृत्तिवेतनाची नोंद, यांत काय लिहिले आहे हे त्यांना मोठ्याने वाचून दाखविण्यास अर्धा तास लागतो. रक्कम जुळत नसेल तर अर्ज लिहून द्यावा, आणि त्याखाली साक्षीदार म्हणून आपले पूर्ण नाव व पत्ता घालावा.